राजवाडा आज बंद आहे, असं सांगणाऱ्या गृहस्थांस



तुमचं नाव मला ठाऊक नाही. तुम्ही एकटे आहात की दहाजण, हेही ठाऊक नाही. पण तुम्हाला ओळखायला नावाची गरज पडत नाही. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कसलंसं ओळखपत्र, हातात शहराचा नकाशा आणि समोरच्याला धीर येईल असं हसू. बँकॉकच्या ग्रँड पॅलेसभोवतीच्या रस्त्यांवर, कधी था चांगच्या बोटधक्क्याजवळ, कधी वाट फो मंदिराच्या कोपऱ्यावर तुम्ही सकाळी उभे असता. कुठून आलात, असं आपुलकीने विचारता. ‘इंडिया’ म्हटलं की आनंद झाल्याचं सांगता. आणि मग हळहळत म्हणता, “राजवाडा आज सकाळी बंद आहे. बौद्ध सण आहे. परदेशी पाहुण्यांना दुपारी एकनंतर सोडतील.”

राजवाडा त्या वेळी उघडा असतो. हे पत्र तुमच्या त्या एका वाक्याबद्दल आहे.

पत्र तुम्हाला आहे, तरी ते चारचौघांत लिहिते आहे, कारण तुम्हाला भेटणाऱ्यांत आता आमची माणसं पुष्कळ आहेत. 2023 च्या नोव्हेंबरात थायलंडने भारतीयांना व्हिसाशिवाय येऊ द्यायला सुरुवात केली आणि 2024 या एका वर्षात 20 लाखांहून अधिक भारतीय तुमच्या देशात येऊन गेले. त्यांत महाराष्ट्रातून आलेली कुटुंबं होती, निवृत्तीनंतर प्रथमच परदेशी निघालेली जोडपी होती, मुलांनी तिकिटं काढून दिली म्हणून आलेले आईवडील होते. अनेकांच्या आयुष्यातला पहिला परदेश म्हणजे तुमचं शहर. त्या शहरात त्यांच्याशी आपणहून बोलायला येणारा पहिला माणूस बहुधा तुम्ही असता. म्हणून तुम्ही काय करता, हे मला इथे नीट मांडायचं आहे.

तुमच्या वाक्याला सर्वात मोठी साथ मिळते ती त्या जागेची. पहिल्या रामा राजाने 1782 मध्ये चाओ फ्राया नदीच्या काठावर नवी राजधानी वसवली आणि राजवाड्याचं बांधकाम सुरू केलं. त्याभोवतीच्या तटाची लांबी आज जवळजवळ 1900 मीटर आहे. एवढ्या लांब भिंतीला पुष्कळ दरवाजे आहेत आणि त्यांतले बहुतेक पर्यटकांसाठी बंदच असतात. पाहुण्यांचा प्रवेश उत्तरेकडून, ना फ्रा लान रस्त्यावरच्या विसेत चाय सी दरवाजातून होतो. बोटीतून किंवा रिक्षातून उतरलेला नवखा माणूस भलत्याच बाजूला येऊन पोहोचतो. समोर बंद दार आणि पहारेकरी दिसतो. नेमक्या त्या क्षणी तुम्ही सांगता की आज बंद आहे. डोळ्यांना दिसतं ते आणि कानांवर पडतं ते जुळतं. समोरून थाई माणसं आत जाताना दिसली, तर त्याचंही उत्तर तुमच्याकडे तयार असतं, ‘आता फक्त थाई लोकांसाठी आहे.’

मग तुम्ही मदत करू लागता. दुपारपर्यंतचा वेळ फुकट कशाला घालवता, असं म्हणून नकाशावर दोन-तीन ठिकाणी खुणा करता. उंच उभी बुद्धमूर्ती, एखादं ‘भाग्याचं’ देऊळ आणि आजच्या दिवसापुरतं सवलतीत उघडलेलं ‘सरकारी निर्यात केंद्र’. तेवढ्यात एक टुकटुक येऊन थांबते. सगळीकडे फिरवून आणायचे फक्त 20 बाट, म्हणजे आपले पन्नास-साठ रुपये. बँकॉकमध्ये जवळच्या अंतरालाही टुकटुकवाला याच्या कितीतरी पट मागतो. मग हा तासन् तास वीस बाटांत कसा फिरवणार, याचा हिशेब त्या घाईत कोणी करत नाही. हिशेब सोपा आहे. त्याचे पैसे प्रवासी देत नाही, दुकान देतं. गिऱ्हाईक दारात आणून सोडलं की पेट्रोलचं कूपन मिळतं, गिऱ्हाइकाने खरेदी केली की दलाली मिळते.

देवळात दुसरा माणूस भेटतो. तो काही विकत नाही. हात जोडून बसलेला असतो किंवा मुलाबाळांबद्दल बोलतो. बोलता बोलता सांगतो की आजच सरकारी रत्नविक्रीचा शेवटचा दिवस आहे, दरवर्षी तो काही खडे घेतो आणि परदेशात विकून सुट्टीचा खर्च काढतो. तुम्ही, टुकटुकवाला, हा भाविक आणि दुकानातला सूटबूट घातलेला विक्रेता. चौघे एकमेकांना ओळखत असल्याचं कुठेही दिसत नाही. चार वेगवेगळ्या माणसांनी एकच गोष्ट सांगितली, तर ती खरी असणार, असं कुणालाही वाटेल. प्रवासी मूर्ख असतो म्हणून फसत नाही. माणसाने ज्या रीतीने खऱ्याखोट्याची खातरजमा करावी, ती रीतच तुम्ही आधीपासून रचून ठेवलेली असते.

आमच्या माणसांवर हे वाक्य अधिक चालतं, याचं कारणही सांगते. देऊळ बंद असू शकतं, हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. नैवेद्यासाठी पडदा लागतो, ग्रहणात दारं मिटतात, पंढरपुरात महापूजेच्या वेळी दर्शनाची रांग थांबते. पूजा चालू असताना बाहेर उभं राहायचं आणि कुरकुर करायची नाही, हा आमचा संस्कार आहे. म्हणून ‘आज सण आहे’ म्हटल्यावर आमची आई-मावशी वाद घालत नाही, नमस्कार करून मागे फिरते. तुमच्या वाक्याला बळी पडते ती त्यांची श्रद्धा. मला सर्वाधिक राग याचा येतो.

दुसरं कारण म्हणजे भीड. कुणी आपुलकीने विचारपूस केली, वयाचा मान ठेवला, वाट दाखवली, तर त्याला मध्येच तोडून पुढे जाणं आमच्याकडे उद्धटपणाचं समजतात. दुकानदाराने गार पाणी दिलं, तासभर खडे उलगडून दाखवले, की काहीच न घेता उठणं जड जातं. भीड भिकेची बहीण, ही म्हण आमच्या घराघरांत सांगितली जाते. तरीही परक्या देशात, परक्या माणसासमोर ती आठवत नाही, कारण तिथे आपण आपल्या देशाचं नाव राखतो आहोत असं प्रत्येकाला वाटत असतं.

खड्यांबद्दल तर अधिकच वाईट वाटतं, कारण या विद्येत तुमचा देश खरोखर थोर आहे. तुमच्या चांथाबुरी प्रांतातल्या कारागिरांनी माणिक आणि नीलम यांना तापवून रंग खुलवण्याची कला पिढ्यान् पिढ्या जपली. तिथल्या खाणी आटल्यावर मोझांबिक आणि मादागास्करचा कच्चा माल थायलंडमध्ये येऊ लागला आणि तिथेच त्याला पैलू पडतात. रंगीत रत्नांच्या व्यापारात बँकॉक जगातल्या प्रमुख शहरांपैकी एक आहे. त्या कीर्तीच्या आडोशाने तुमचं दुकान हलक्या प्रतीचे खडे कितीतरी पट किमतीला विकतं. खडा बहुतेक वेळा खराच असतो, खोटी असते ती किंमत, आणि मायदेशी दुप्पट भाव मिळेल हे आश्वासन. माणूस घरी येऊन सराफाकडे जातो, तेव्हा सराफ काही क्षण गप्प राहून जो आकडा सांगतो, तो ऐकून घरात पुढे कुणी त्या सहलीचं नाव काढत नाही.

ही गप्प बसण्याची गोष्ट तुम्हाला कळावी, असं मला फार वाटतं. खिसा कापला तर माणूस चारजणांत सांगतो. असा फसला, तर सांगत नाही. मुलं काय म्हणतील, सहलीतले सोबती हसतील, या भीतीने तो पावती कपाटाच्या तळाशी ठेवतो. आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवलेल्या शिक्षकाला आपली बुद्धी म्हातारपणी चालेनाशी झाली की काय, अशी शंका येऊ लागते. पुढच्या वेळी मुलाने कुठे चला म्हटलं की तो ‘गुडघे दुखतात’ म्हणतो. तुम्ही त्याचे पैसे घेतलेतच, शिवाय त्याचा स्वतःवरचा विश्वास घेतलात, आणि हे नुकसान कुठल्याही पोलिसी तक्रारीत लिहून देता येत नाही.

नुकसान तुमच्या शहराचंही होतं. एका सकाळी फसलेला माणूस दुपारी प्रत्येक थाई चेहऱ्याकडे संशयाने बघतो. चाओ फ्राया नदीच्या बोटीत मी गोंधळून उभी असताना एका भाजीवाल्या बाईंनी, माझी भाषा येत नसताना, बोटांवर धक्के मोजून दाखवले आणि माझा धक्का आल्यावर खांद्याला हात लावून मला खूण केली. त्यांना माझ्याकडून काही नको होतं. तुमच्यामुळे उद्या एखादी प्रवासी त्यांचा हात झिडकारील. त्या बाईंच्या चांगुलपणावर तुमचा धंदा उभा आहे. थाई माणूस परक्याला मदत करतो, ही ख्याती हजारो जणांनी कमावली आहे, आणि तुम्ही ती दररोज थोडी थोडी खर्च करता.

हे फक्त तुमच्याच देशात चालतं, असं मी म्हणणार नाही. पॅरिसमध्ये साक्रे-कर टेकडीच्या पायऱ्यांवर मनगटाला दोरा बांधून पैसे मागतात, लूव्रजवळ सह्यांचा कागद पुढे करून वर्गणी उकळतात. इस्तंबूलमध्ये बूटपॉलिशवाला आपला ब्रश मुद्दाम पाडतो, तुम्ही उचलून दिलात की आभार म्हणून बूट पुसतो आणि शेवटी दाम मागतो. बीजिंगमध्ये इंग्रजीचा सराव करायचा म्हणून गोड मुली चहाच्या दुकानात नेतात आणि बिल हजारांत येतं. आणि आमच्या देशात? नवी दिल्ली स्टेशनवर परदेशी पाहुण्यांसाठीचं तिकीट कार्यालय स्टेशनाच्या इमारतीतच असताना ‘ते बंद झालं, आता बाहेर हलवलं’ असं सांगून त्यांना खासगी एजंटाच्या खोलीत नेणारे आहेत. अगदी तुमचंच वाक्य, फक्त दार वेगळं. मुंबईत कुलाब्याला बाळासाठी दुधाची पावडर घेऊन द्या म्हणून पाहुण्याला ठरलेल्या दुकानात नेतात आणि तो गेल्यावर डबा परत फळीवर जातो. या गोष्टींची मला तितकीच लाज वाटते. म्हणूनच हे पत्र एका देशाने दुसऱ्या देशावर ठेवलेला ठपका नाही. पाहुण्याच्या भोळेपणावर जगणाऱ्या प्रत्येकाला ते लागू आहे.

आता तुमच्या देखत माझ्या वाचकांशी चार शब्द बोलते.

परदेशात कुणावर विश्वासच ठेवू नका, हा सल्ला मी देणार नाही. असा प्रवास करण्यापेक्षा घरी बसलेलं बरं. मी एवढंच सांगेन की ज्याला आपण निवडतो तो अनोळखी माणूस आणि जो आपल्याला निवडतो तो अनोळखी माणूस, यांत फरक करा. रस्ता चुकला तर फळवाल्या बाईंना विचारा, औषधाच्या दुकानात विचारा, शाळेच्या गणवेशातल्या मुलाला विचारा. ज्यांना तुम्ही येणार हे माहीतच नव्हतं, त्यांनी तुमच्यासाठी काही रचून ठेवलेलं नसतं, आणि ती माणसं जवळजवळ नेहमीच खरं सांगतात. जो आपणहून गर्दीतून तुमच्याकडे आला, तुमचा देश विचारला आणि तुमचा बेत बदलू लागला, त्याच्याकडे हसून बघा आणि चालत राहा. थांबू नका, कारण सांगू नका, वाद घालू नका. चालत राहण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

आणि दार स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ग्रँड पॅलेस रोज सकाळी साडेआठला उघडतो, तिकिटं दुपारी साडेतीनपर्यंत मिळतात. राजघराण्याच्या समारंभांसाठी तो कधी कधी खरंच बंद ठेवतात, पण ती बातमी अधिकृत संकेतस्थळावर असते आणि तिकीटखिडकीवर कळते, फुटपाथवर नाही. सनाम चाय मेट्रो स्टेशनपासून किंवा था चांग धक्क्यापासून विसेत चाय सी दरवाजा चालत गाठता येतो. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घरूनच घालून निघा, म्हणजे तुमचे कपडे चालणार नाहीत म्हणून वाटेत कुणी ओढणी-पँट गळ्यात मारणार नाही. परदेशी माणसाला तिकीट 500 बाटांचं आहे, तेही फक्त खिडकीवर किंवा अधिकृत संकेतस्थळावर घ्यायचं.

सनाम लुआंग मैदानाजवळ कुणी कबुतरांसाठी मक्याची पिशवी हातात कोंबली, तर हात मिटून घ्या. घेतली की पैसे मागतात. सुवर्णभूमी विमानतळावर टॅक्सी तळमजल्याच्या रांगेतूनच घ्या. तिथलं यंत्र जी चिठ्ठी देतं तिच्यावर टॅक्सीची माहिती असते, ती चिठ्ठी चालकाला देऊ नका, स्वतःजवळ ठेवा. मीटरवर विमानतळाचे 50 बाट आणि टोल वेगळा पडतो, तो रीतसर आहे. शहरात मीटर लावायला नकार देणाऱ्या टॅक्सीत बसू नका, दुसरी लगेच मिळते. पट्टायाला समुद्रात जेट स्की चालवणार असाल, तर आधी तिचा चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, म्हणजे जुन्या ओरखड्याची भरपाई तुमच्याकडून मागता येणार नाही. पासपोर्ट तारण म्हणून कुठेही ठेवू नका.

‘आजच्या दिवसापुरती करमाफी’ हे ऐकलं की तिथून उठा. परदेशी पर्यटकाला ठरावीक खरेदीवरचा कर परत मिळण्याची सोय थायलंडमध्ये वर्षभर आहे. योजनेत असलेल्या दुकानातून कागद घ्यायचे आणि परतताना विमानतळावर पैसे मागायचे. त्यासाठी कुठलाही शेवटचा दिवस नसतो. खडे घ्यायचीच हौस असेल, तर दागिन्यासाठी घ्या, फायद्यासाठी नको. थायलंडची सार्वजनिक रत्नपरीक्षण संस्था, जीआयटी, बँकॉकमध्येच आहे. ‘पैसे देण्याआधी तिथे तपासून घेऊ या’ एवढं म्हणा आणि विक्रेत्याचा चेहरा बघा.

तरी कुणी फसलंच, तर पर्यटक पोलिसांचा क्रमांक 1155 आहे आणि तिथे इंग्रजीत बोलता येतं. पावती, कार्डाची चिठ्ठी, दुकानाचा पत्ता जपून ठेवा आणि शहर सोडण्याआधी तक्रार करा. घरी परतल्यावर हात बांधले जातात. आणि मुलांनो, सुनांनो, जावयांनो, आईवडिलांनी अशी गोष्ट सांगितली तर हसू नका. ‘तुम्हाला कळायला हवं होतं’ हे वाक्य घशातच ठेवा. ते गप्प बसले तर पुढच्या शेजाऱ्याला सावध करणारं कुणी उरणार नाही.

गृहस्थ हो, आता पुन्हा तुमच्याकडे.

तुमच्या पोटाचा प्रश्न मला दिसत नाही असं नाही. 2019 मध्ये थायलंडमध्ये सुमारे 4 कोटी पाहुणे आले आणि पुढच्याच वर्षी महासाथीने विमानं थांबली. पर्यटनावर जगणाऱ्या किती घरांतली मिळकत तेव्हा एका झटक्यात गेली असेल, याची कल्पना आम्ही करू शकतो, कारण आमच्याकडेही ते घडलं. पण त्या काळात ज्या भाजीवाल्या बाईंचाही धंदा बसला असेल, त्यांनी पुढे माझ्यासारखीला बोटांवर धक्के मोजून दाखवलेच. त्यामुळे गरज हे तुमच्या वाक्याचं कारण असू शकेल, समर्थन असू शकत नाही.

आणि तुमच्याकडे काय आहे, ते बघा. तुम्हाला अनेक भाषांतली चार-चार वाक्यं येतात. माणूस कुठला, काय बघायला आला, कशाने थकला आहे, हे तुम्ही दुरून ओळखता. दोन मिनिटांत परक्याला घरचं वाटेल असं बोलता. तुमच्या देशात पर्यटकांचा गाईड म्हणून काम करण्याचा हक्क कायद्याने फक्त थाई नागरिकांना राखून ठेवलेला आहे, आणि त्याचा परवाना रीतसर मिळतो. म्हणजे या कामात कुठलाही परदेशी तुमची जागा घेऊ शकत नाही. राजवाड्याच्या आवारातल्या वाट फ्रा केओच्या ओवऱ्यांमध्ये तुमच्या रामकियनची, म्हणजे थाई रामायणाची, 178 भित्तिचित्रं आहेत. आमच्या मावशी त्या चित्रांसमोर उभ्या राहतात, तेव्हा हनुमान त्यांना ओळखता येतो, रावण ओळखता येतो, पण तुमची कथा आमच्या रामायणाहून कुठे वेगळं वळण घेते, हे सांगायला शेजारी कुणी नसतं. ते सांगणारा माणूस मिळाला तर त्या आनंदाने पैसे देतील, मोजून देतील, आणि गावी परतल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्याचं नाव सांगतील.

माझी मागणी एवढीच आहे. उद्या सकाळी जो कुणी भलत्या दाराशी गोंधळून उभा असेल, त्याला विसेत चाय सी दरवाजा कुठे आहे ते सांगा आणि राजवाडा उघडा आहे हेही सांगा. परवाना काढून आत घेऊन गेलात तर आम्ही तुमच्या मागे येऊ आणि तुमची फी देऊ. तोवर मी माझ्या ओळखीच्या प्रत्येक प्रवाशाला तुमचं वाक्य शब्दशः सांगत राहीन, म्हणजे ते कानावर पडताच तो चालत राहील.

कळावे,

आपल्या शहरावर प्रेम करणारी
एक मराठी प्रवासी